कपाशीला नत्र किती, केव्हा आणि कोठे?

(खरीप हंगामापूर्वी भरलेल्या शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मृग नक्षत्र जवळ आले की गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांसमोर रांगा लागतात. कोणी बियाण्याची पाकिटे घेतो, कोणी खताची तजवीज करतो. त्या रांगेत एक प्रश्न हमखास ऐकू येतो : ‘‘पऱ्हाटीला एकरी किती बॅगा युरिया टाकायचा?’’ उत्तर देणाऱ्यांची वाण नसते. दुकानदार एक आकडा सांगतो, शेजारी दुसरा सांगतो आणि गेल्या वर्षी ज्याची पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली होती तो तिसराच सांगतो. आपल्या शेतातील माती कोणता आकडा सांगते, हे विचारण्याची सवड मात्र त्या घाईत कोणालाच नसते.

महाराष्ट्रात लाखो हेक्टर जमिनीवर कपाशी उभी राहते. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेश या तिन्ही भागांतील असंख्य कुटुंबांचा वर्षाचा संसार याच पिकावर चालतो. यांपैकी बव्हंशी कपाशी कोरडवाहू आहे. म्हणजे ती आभाळाच्या भरवशावर आहे. पाऊस आपल्या हाती नाही, बाजारभाव आपल्या हाती नाही. पण खताची मात्रा, तिची वेळ आणि ती देण्याची रीत या तीन गोष्टी पूर्णपणे आपल्या हाती आहेत. हाती असलेली गोष्ट तरी नीट सांभाळावी, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

नत्राचे काम कोणते?

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र असते. परंतु कपाशीला ते हवेतून थेट घेता येत नाही. मुळांना ते मातीतून अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपातच घ्यावे लागते. पानांचा हिरवा रंग ज्या हरितद्रव्यामुळे येतो त्याच्या घडणीत नत्र लागते. प्रथिनांची घडण नत्रावाचून होत नाही. नत्र कमी पडले की जुनी, खालची पाने प्रथम पिवळी पडतात, झाड खुजे राहते, फांद्या कमी फुटतात आणि बोंडे लहान राहतात. झाड आपल्या जुन्या पानांतील नत्र काढून नव्या कोंबांना पुरविते, म्हणून ही खूण खालून वर चढत जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपण ज्यासाठी कपाशी पिकवितो ती रुई जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असते. तिच्यात नत्र नाममात्रच असते. शेतातून नत्र बाहेर जाते ते मुख्यतः सरकीबरोबर. सरकीची पेंड जनावरांना पौष्टिक ठरते ती तिच्यातील प्रथिनांमुळे, आणि ती प्रथिने म्हणजे आपल्या शेतातले नत्रच होय. तेव्हा बोंडात सरकी भरण्याच्या काळात झाडाला नत्राची खरी निकड असते. पाला वाढविण्यासाठी दिलेले नत्र आणि बोंड भरण्यासाठी दिलेले नत्र, यांत फरक केला पाहिजे.

पूर्वीच्या देशी कपाशीची भूक बेताची होती. १९७० साली सुरत येथील केंद्रातून एच-४ हे संकरित वाण बाहेर पडले आणि भारतात संकरित कपाशीचे युग सुरू झाले. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ही वाणे अधिक बोंडे धरतात, म्हणून त्यांना अन्नही अधिक लागते, हे खरे. परंतु ‘अधिक लागते’ या म्हणण्याचा अर्थ ‘कितीही चालते’ असा पुष्कळ ठिकाणी घेतला गेला, आणि घोटाळा तेथे झाला.

मातीत पडल्यावर युरियाचे काय होते?

युरियात ४६ टक्के नत्र असते. हे खत पाण्यात चटकन विरघळते. मातीतील युरिएज नावाच्या द्रव्यामुळे थोड्याच दिवसांत त्याचे अमोनियात रूपांतर होते. ही क्रिया जमिनीच्या आत घडली तर अमोनिया मातीच्या कणांना धरून राहतो. ती जमिनीच्या पृष्ठभागावर घडली तर तोच अमोनिया वायुरूपाने हवेत उडून जातो. आपल्याकडील बऱ्याच काळ्या जमिनी विम्लधर्मी आणि चुनखडीयुक्त आहेत. अशा जमिनीत ही नासाडी अधिक होते. ओलसर जमिनीवर युरिया फेकला, वर ऊन पडले आणि नंतर दोन-चार दिवस पाऊस आला नाही, तर बॅगेतील मोठा हिस्सा झाडाच्या मुळापर्यंत पोचतच नाही.

मातीत टिकलेल्या अमोनियाचे सूक्ष्म जीवाणू पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट झाडाला आवडते, पण ते मातीला धरून राहत नाही. हलक्या, मुरमाड जमिनीत मोठा पाऊस झाला की ते पाण्याबरोबर खोल निघून जाते आणि शेवटी विहिरीच्या पाण्यात उतरते. पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये, असे आपल्या देशाचे मानक आहे. तान्ह्या मुलांना असे पाणी विशेष अपायकारक ठरते. भारी काळ्या जमिनीत वेगळा प्रकार घडतो. तेथे पाणी साचून जमीन चिबडली की मातीतील हवा संपते आणि जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरू लागतात. मग नत्र पुन्हा वायू होऊन उडते. त्यातील नायट्रस ऑक्साइड हा वायू वातावरण तापविण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २७० पटींनी प्रभावी आहे.

सारांश, एकाच वेळी ओतलेल्या नत्राला शेतातून निघून जाण्यासाठी तीन वाटा मोकळ्या असतात : वर हवेत, खाली पाण्यात आणि चिबडलेल्या जमिनीतून पुन्हा हवेत. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण देणे बंधनकारक झाले. त्या आवरणामुळे अमोनियाचे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो. पण ते आवरण म्हणजे कुलूप नव्हे. उघड्यावर फेकलेल्या युरियाला तेही वाचवू शकत नाही.

नत्र अधिक झाले तर

पुष्कळांची अशी समजूत असते की, नत्र थोडे अधिक झाले तर फायदा झाला नाही तरी तोटा होणार नाही. कपाशीच्या बाबतीत ही समजूत महागात पडते.

कपाशीचे झाड मुळात बहुवर्षायू आहे. त्याला भरपूर नत्र आणि ओल मिळाली की ते फळण्याचे सोडून वाढतच राहते. पाने मोठी व गर्द हिरवी होतात, दोन ओळी एकमेकींत शिरतात, खालच्या फांद्यांवर सूर्यप्रकाश पडेनासा होतो. त्या काळोखात पाते आणि लहान बोंडे गळतात. जी राहतात त्यांतील काही कोंदट हवेने सडतात. पीक उशिरा तयार होते. कोरडवाहू शेतात पाऊस संपल्यावर जमिनीतील ओल ठरावीकच असते. पाल्याने ती आधीच पिऊन टाकली तर ऐन बोंडे भरण्याच्या वेळी झाडाला पाणी उरत नाही.

दुसरी गोष्ट किडींची. नत्राने लुसलुशीत झालेल्या पानांत तुडतुडे, मावा, पांढरी माशी या रसशोषक किडींना मेजवानीच मिळते. पीक लांबले की गुलाबी बोंडअळीच्या पिढ्याही लांबत जातात. डिसेंबरनंतर फरदड घेण्याच्या मोहाने कोणी पुन्हा पाणी आणि युरिया दिला, तर त्या अळीचे पुढच्या हंगामापर्यंतचे अन्नछत्रच उघडते. मग फवारणी वाढते. म्हणजे युरियाच्या जादा बॅगेचे बिल खताच्या दुकानात पूर्ण होत नाही. त्याचा उरलेला भाग कीटकनाशकांच्या दुकानात भरावा लागतो.

आणि काही वेळा ते त्याहूनही भारी पडते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर प्राणास मुकले. त्या दुर्घटनेमागे अनेक कारणे होती. औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव आणि फवारणीच्या पद्धती यांची पुष्कळ चर्चा झाली. त्याच वेळी त्या वर्षीची कपाशी फार उंच व दाट वाढली होती, याकडेही लक्ष वेधले गेले. कमरेएवढ्या पिकात फवारा माणसापासून खाली जातो. डोक्याएवढ्या पिकात तोच फवारा माणसाच्या तोंडावर येतो. पऱ्हाटीची उंची ही शेतकऱ्याच्या अभिमानाची बाब मानली जाते. पण उंची मोजून पैसे मिळत नाहीत, आणि त्या उंचीतून वाट काढणाऱ्या मजुराच्या जिवाची किंमत तर कोणत्याही मोजमापात बसत नाही.

शिफारशीचा आकडा कसा वाचावा?

कृषी विद्यापीठे खताची शिफारस तीन आकड्यांत देतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची कोरडवाहू संकरित कपाशीसाठी ६०:३०:३० अशी शिफारस आहे. याचा अर्थ दर हेक्टरी ६० किलो नत्र, ३० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची कोरडवाहू बीटी कपाशीसाठीची शिफारस १२०:६०:६० अशी आहे. बागायती पिकासाठी मात्रा याहून वाढते. हे आकडे निरनिराळे पाहून गोंधळून जाण्याचे कारण नाही. जमिनीची खोली, पावसाचे मान आणि पिकाकडून अपेक्षित असलेले उत्पन्न यांवर मात्रा अवलंबून असते. म्हणून आपल्या विभागाच्या विद्यापीठाची चालू हंगामासाठीची शिफारस जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातून विचारून घ्यावी आणि तीच पायाभूत मानावी.

घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. शिफारस हेक्टरी असते आणि शेतकरी एकरी मोजतो. शिफारस नत्राची असते आणि शेतकरी युरिया मोजतो. हा हिशेब एकदा नीट मांडू.

६०:३०:३० या शिफारशीला अडीचने भागले की एकरी २४ किलो नत्र, १२ किलो स्फुरद व १२ किलो पालाश असा आकडा मिळतो. आता १२ किलो स्फुरद डीएपीतून द्यायचे ठरविले, तर २६ किलो डीएपी लागेल. कारण डीएपीत ४६ टक्के स्फुरद असते. पण डीएपीत १८ टक्के नत्रही असते. त्या २६ किलोंतून ४.७ किलो नत्र आपोआप मिळाले. उरलेल्या १९.३ किलो नत्रासाठी ४२ किलो युरिया पुरतो. १२ किलो पालाशासाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागेल. म्हणजे एका एकराला साधारण अर्धी बॅग डीएपी, २० किलो पोटॅश आणि युरियाची ४५ किलोंची एक बॅग, तीही किंचित शिल्लक राहील, एवढीच ही मात्रा आहे.

डीएपी न मिळाल्यास सिंगल सुपर फॉस्फेट वापरता येते. त्यात १६ टक्के स्फुरद असल्याने ७५ किलो, म्हणजे ५० किलोंच्या दीड बॅगा लागतील. त्यात नत्र नसल्यामुळे युरिया ५२ किलो घ्यावा लागेल. सुपर फॉस्फेटमधून गंधकही मिळते, हा वेगळा लाभ.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. समजा, एका शेतकऱ्याने एकरी तीन बॅगा युरिया दिला. एका बॅगेत २०.७ किलो नत्र असते. तीन बॅगांचे ६२ किलो झाले. हेक्टरी मोजले तर १५५ किलो. ६०:३०:३० च्या मानाने हे अडीचपटीहून अधिक आहे, आणि १२० किलोंच्या शिफारशीपेक्षाही ३५ किलोंनी जास्त आहे. डीएपी अथवा मिश्र खतांतून गेलेले नत्र यात अद्याप धरलेलेच नाही. ‘‘तीनच बॅगा टाकल्या’’ असे सहज म्हटले जाते; त्या ‘तीनच’ या शब्दात केवढा आकडा दडलेला आहे हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही.

माती काय सांगते?

शिफारस ही सर्वसाधारण जमिनीसाठी असते. आपली जमीन सर्वसाधारण आहे की नाही, हे माती परीक्षणाने समजते. मातीतील उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोंपेक्षा कमी असेल तर ती कमी, २८० ते ५६० किलोंपर्यंत मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर जास्त, अशी वर्गवारी आहे. नत्र कमी असल्यास शिफारशीच्या मात्रेत २५ टक्के वाढ, मध्यम असल्यास शिफारशीइतकेच आणि जास्त असल्यास २५ टक्के घट, असा साधारण नियम आहे. यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. जमीन निकस निघाली तरी ६० किलोंचे ७५ किलो होतात. दीडशे होत नाहीत. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असेल तर ती जमीन भुकेली आहे असे समजावे. परंतु तिची ती भूक निव्वळ युरियाने भागणारी नाही.

मृद आरोग्य पत्रिका योजना २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. अनेकांच्या घरी ती पत्रिका आलेली असते आणि लग्नपत्रिकेसारखी खुंटीला अडकविलेली असते. ती खाली काढून वाचावी. नवा नमुना काढावयाचा असेल तर पीक निघाल्यानंतर आणि खत देण्यापूर्वी काढावा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडून घ्यावी. बांध, झाडाची सावली, उकिरडा, जनावरे बसण्याची जागा टाळावी. सर्व माती एकत्र करून तिचे चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत, आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत असे करीत राहावे. उथळ व खोल जमिनीचे नमुने वेगवेगळे ठेवावेत. दोन जमिनींची माती एकत्र केली तर अहवाल तिसऱ्याच जमिनीचा येतो.

हप्त्याने देण्यातील शहाणपण

उगवणीनंतरचा पहिला महिना कपाशीचे रोप लहान असते, त्याची मुळे थोड्या जागेत असतात आणि त्याची नत्राची गरज अल्प असते. पाते लागण्यापासून बोंडे भरेपर्यंत ही गरज झपाट्याने वाढते. जेवणारा पाहुणा संध्याकाळी येणार असताना सकाळीच सारे ताट वाढून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून कोरडवाहू कपाशीत निम्मे नत्र पेरणीच्या वेळी आणि निम्मे साधारण ३० दिवसांनी द्यावे. स्फुरद व पालाश पेरणीच्या वेळीच पूर्ण द्यावे. वरच्या हिशेबात पेरणीच्या वेळी डीएपीबरोबर १६ किलो युरिया आणि महिन्याने २६ किलो युरिया, असे ते विभागले जाईल. बागायती कपाशीत पेरणीच्या वेळी, ३० दिवसांनी आणि ६० दिवसांनी असे तीन हप्ते करावेत.

हप्त्यांचा याहून मोठा लाभ आहे. पेरणीच्या दिवशी त्या वर्षीचा पाऊस कसा पडेल हे कोणालाच ठाऊक नसते. महिन्यानंतर पुष्कळसे कळलेले असते. पावसाने दगा दिला, रोपांची संख्या विरळ झाली, तर दुसरा हप्ता पुढे ढकलता येतो, कमी करता येतो. बॅग घरात राहिली तर ती पुढे गव्हा-हरभऱ्याच्या हंगामात उपयोगी पडते. शेतात पडलेली बॅग परत घेता येत नाही. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी हप्ता हा एक प्रकारचा विमाच आहे, आणि त्याला हप्ता भरावा लागत नाही.

दुसरा हप्ता देताना जमिनीत वाफसा असावा. कोरड्या मातीत खत निरुपयोगी, आणि साचलेल्या पाण्यात ते वाया जाणारे. झाडापासून थोडे अंतर ठेवून बांगडी पद्धतीने अथवा ओळीच्या बाजूने खत द्यावे आणि लगेच डवरणी करून मातीआड करावे. त्यापूर्वी निंदण झालेले असावे. नाहीतर खत तणाला मिळते आणि तण त्याचा कपाशीहून चांगला उपयोग करून घेते. पेरणीच्या वेळी युरिया बियाला चिकटून पडू देऊ नये. त्यातून सुटणाऱ्या अमोनियाने कोवळा कोंब करपतो.

लाल्या दिसला की युरिया?

सप्टेंबर-ऑक्टोबरात पाने लाल पडू लागली की धावपळ सुरू होते. पाने लाल होण्यामागे नत्राची कमतरता असू शकते, मॅग्नेशियमची असू शकते, रात्रीचे तापमान एकदम उतरल्याने असू शकते, आणि तुडतुड्यांच्या प्रादुर्भावानेही असू शकते. म्हणून प्रथम पान उलटून पाहावे. पानाच्या कडा वळलेल्या असतील आणि खाली तिरकस चालणारे हिरवट तुडतुडे असतील, तर तेथे युरिया देणे म्हणजे चोराला जेवण वाढण्यासारखे आहे. तेथे उपाय किडीवर हवा.

कीड नसेल आणि झाडावर बोंडांचा भार असेल, तर त्या वेळी जमिनीतून युरिया देण्यापेक्षा पानांवर फवारलेले अन्न लवकर लागू पडते. फुलोऱ्यात २ टक्के युरिया आणि बोंडे भरताना २ टक्के डीएपी, म्हणजे १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम, अशी फवारणी उपयुक्त ठरते. डीएपी आदल्या रात्री भिजत घालून सकाळी वरचे निवळलेले पाणी गाळून घ्यावे. मॅग्नेशियमच्या कमतरतेची खात्री झाल्यास तज्ज्ञांच्या शिफारशीप्रमाणे मॅग्नेशियम सल्फेट वापरावे. पीक अतोनात वाढत असेल, तर युरियाचा उरलेला हप्ता थांबवावा आणि शेंडे खुडावेत.

बॅगेबाहेरचे नत्र

नत्र केवळ बॅगेतूनच मिळते असे नाही. चांगले कुजलेले शेणखत अथवा कंपोस्ट हेक्टरी ५ टन मिळाले तरी जमिनीचा पोत सुधारतो, ओल टिकते आणि दिलेले रासायनिक खत अधिक लागू पडते. कपाशीत मूग, उडीद वा तुरीच्या ओळी घेण्याची आपल्या वाडवडिलांची रीत शास्त्रालाही मान्य आहे. या पिकांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र बांधतात. पऱ्हाट्या जाळून टाकण्याऐवजी त्यांचे बारीक तुकडे करून कंपोस्ट केले तर गेलेल्या अन्नाचा काही भाग शेतात परत येतो. मात्र बोंडअळीग्रस्त पऱ्हाट्या शेतात तशाच उभ्या किंवा बांधावर रचून ठेवू नयेत.

स्वस्ताईचा मोह

युरियाचा वापर वाढण्यामागे त्याची किंमत हेही एक मोठे कारण आहे. १ एप्रिल २०१० पासून स्फुरद व पालाशाच्या खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाचे धोरण आले. युरिया त्या धोरणाबाहेर राहिला. कडुनिंबाच्या आवरणाचा खर्च व कर वगळता ४५ किलोंच्या बॅगेची किंमत २४२ रुपये ठेवण्यात आली. उत्पादनाचा अथवा आयातीचा उरलेला खर्च सरकारी तिजोरीतून, म्हणजे अखेर जनतेच्याच पैशांतून होतो. दुसरी खते महाग आणि युरिया स्वस्त, म्हणून ताटात भाकरीऐवजी मीठच अधिक वाढले जाऊ लागले. स्वस्त मिळते म्हणून कोणी मीठ मुठीने खात नाही. खताच्या बाबतीत मात्र तसे घडते.

चार ओळींचा प्रयोग

इतके ऐकूनही कोणाच्या मनात शंका राहील, आणि ती राहावी हेच योग्य. शेती ऐकीव शब्दावर करण्याची गोष्ट नाही. म्हणून एक साधा प्रयोग सुचवावासा वाटतो. येत्या हंगामात आपल्या शेतात एकाच प्रकारच्या जमिनीवरच्या चार ओळी निवडा. त्यांच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. त्या ओळींना शिफारशीइतकेच नत्र हप्त्याने, मातीआड द्या. शेजारच्या चार ओळींना आपल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे द्या. बाकी बियाणे, अंतर, निंदण सारे सारखे ठेवा. दोन्हींवर किती फवारण्या कराव्या लागल्या ते वहीत टिपून ठेवा. वेचणीच्या वेळी दोन्हींचा कापूस वेगळ्या गाठोड्यांत बांधून वेगळा तोला, आणि प्रत्येक वेचणीचे वजन तारखेसह लिहा.

कापूस वेचणारे हात बहुधा घरच्या आणि गावच्या बायाबापड्यांचे असतात. कोणत्या ओळींत बोंडे अधिक फुटली, कोणत्या ओळींत सडकी व किडकी निघाली, कोणत्या ओळींतून चालणे जिकिरीचे झाले, हे त्यांना सर्वांत आधी कळते. त्यांनाही विचारा. हंगामाच्या शेवटी त्या वहीतील दोन रकाने शेजारी ठेवून घरातील शिकत्या मुलाकडून बेरीज करवून घ्या. ती बेरीज आपल्याच शेताची असेल, आपल्याच पावसाची असेल. पुढच्या मृगात दुकानासमोर कोणी विचारले की ‘‘एकरी किती बॅगा?’’, तर त्या वेळी देण्यासाठी आपल्याजवळ आपले स्वतःचे उत्तर असेल.